भयपटाची सुरुवात आणि लिंगभाव: विश्लेषण लिहिताना या चुका टाळा

भयपटाच्या पहिल्या प्रसंगावर लिंगभावाच्या अंगाने लिहिलेले निबंध मी बरीच वर्षं तपासते आहे. विषय उत्तम आहे. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच भयपट ठरवून टाकतो की कोण बघणार, कोणाला बघितलं जाणार आणि कोणाच्या किंकाळीला किती वेळ मिळणार. हे सगळं तो कॅमेरा, कट, आवाज आणि उजेडातून ठरवतो, संवादांतून फार कमी. म्हणूनच निबंधात एकाही शॉटचं वर्णन नसतं आणि दुसऱ्याच ओळीत ‘पितृसत्ता’ येऊन बसते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल, पण तो सिनेमातून आलेला नसतो.

‘खुन्याचे डोळे, म्हणजे पुरुषाचे डोळे’

सगळ्यांत चिवट चूक हीच. कॅमेरा झुडपाआडून सरकतो, श्वास ऐकू येतो, समोर एखादी मुलगी बेसावध असते. लगेच लिहिलं जातं: ‘हा पीओव्ही शॉट आहे (म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा), म्हणून ही पुरुषी नजर आहे.’ मधला ‘म्हणून’ कुठून आला असं विचारलं की उत्तर येत नाही.

एका कार्यशाळेत एका मुलाने ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या (१९८०) सुरुवातीवर निबंध वाचून दाखवला. भाषा झकास होती. छावणीतलं एक जोडपं इतरांपासून दूर माळ्यावर जातं, कॅमेरा त्यांच्या मागोमाग येतो आणि दोघंही मारले जातात. निबंधाच्या मते हा कॅमेरा म्हणजे ‘स्त्रीच्या लैंगिकतेला शिक्षा करणारा पुरुष’. सगळी पानं त्याच एका वाक्यावर उभी होती. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “पण या सिनेमात खून कोण करतं?” त्याला सांगता आलं नाही. त्याने फक्त सुरुवातीची क्लिप पाहिली होती. खुनी बाई आहे: पामेला वूरहीज, मुलाच्या मृत्यूचा सूड घेणारी आई.

शेवट माहीत नसणं मी एक वेळ समजू शकते. पण त्याने ती क्लिपसुद्धा नीट पाहिली नव्हती, हे मला जास्त लागलं. मी ती सगळ्यांसमोर पुन्हा लावली. जोडप्याला चाहूल लागते तेव्हा तो तरुण पळत नाही, ओरडत नाही. तो उठतो, स्वतःला सावरतो आणि आम्ही काही करत नव्हतो असं समजावून सांगायला लागतो. अनोळखी हल्लेखोराला कोणी असा खुलासा देत बसत नाही. समोरची व्यक्ती ओळखीची आहे, तिचा काही एक अधिकार आहे, हे प्रसंगातच कळतं. ती पुरुष आहे की बाई हे मात्र कुठेच कळत नाही. पीओव्ही इथे त्यासाठीच वापरलाय: खुन्याचं शरीर फ्रेमबाहेर राहावं म्हणून. त्या रिकाम्या जागेत ‘पुरुष’ आपण भरतो. त्या मुलाच्या हाती खरा विषय हाच लागला होता आणि घाईत त्याने तो सोडून दिला.

‘स्क्रीम’ने (१९९६) ही रिकामी जागा बरोबर हेरली. सुरुवातीच्या प्रसंगात घरी एकट्या असलेल्या केसीला फोनवरचा आवाज विचारतो, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मधला खुनी कोण? ती जेसनचं नाव घेते, म्हणजे पामेलाच्या मुलाचं. उत्तर चुकतं आणि बाहेर खुर्चीला बांधलेल्या तिच्या मित्राचा, स्टीव्हचा, जीव जातो. खुनी पुरुषच असणार या गृहीतकावर अख्ख्या प्रसंगाचा फास आवळलेला आहे.

माझी सवय सांगते. ‘नजर’ हा शब्द लिहायच्या आधी मी प्रत्येक शॉटसमोर एवढंच टिपते: हे कोण बघतंय? आणि उत्तर ‘कोणीच नाही’ असू शकतं, हे लक्षात ठेवते. ‘सायको’मध्ये (१९६०) कॅमेरा फिनिक्स शहरावरून फिरत येतो, पडद्यावर वार, तारीख आणि दुपारचे २:४३ अशी वेळ उमटते, आणि मग तो एका हॉटेलच्या खिडकीच्या अर्धवट ओढलेल्या पडद्याखालून आत शिरतो. आत नायिका मॅरियन पांढऱ्या अंतर्वस्त्रांत पलंगावर पडलेली आणि तिचा प्रियकर सॅम तिच्याजवळ उभा. चोरून आत डोकावणारं पात्र तिथे एकही नाही. डोकावतो तो प्रेक्षक. हा फरक फार मोठा आहे आणि निबंधांत तो जवळजवळ कधीच येत नाही. ‘जॉज’मध्ये (१९७५) पाण्याखालून वर बघणारी नजर शार्कची आहे. शार्कला सरळ पुरुष ठरवून टाकलेलंही मी वाचलंय. तसं म्हणायचंच असेल तर आधार चित्रात दाखवा: वरून झिरपणाऱ्या उजेडात पोहणारीच्या उघड्या शरीराची काळी आकृती कशी धरली आहे, ती किती वेळ धरली आहे, ते लिहा.

आणि ‘पुरुषी नजर’ (मेल गेझ) ही कल्पना मांडणाऱ्या सिनेअभ्यासक लॉरा मल्वी यांचं नाव शिक्क्यासारखं मारू नका. त्यांचा ‘व्हिज्युअल प्लेझर अँड नॅरेटिव्ह सिनेमा’ हा लेख १९७५ सालचा, मुख्यतः अभिजात हॉलिवूडबद्दलचा. त्यात कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची अशा तीन वेगवेगळ्या नजरा मांडल्या आहेत. त्या तिन्ही एकत्र कालवून ‘मेल गेझ’ लिहून मोकळं होणं म्हणजे तो लेख वाचलेला नाही, याची कबुलीच.

प्रसंग संपायच्या आत उठून जाणं

‘हॅलोविन’च्या (१९७८) सुरुवातीवर आलेले बहुतेक निबंध सुरीच्या वारांशी थांबतात. प्रसंग तिथे थांबत नाही.

क्रम नीट बघा. पॅनाग्लाइडवर (चालतानाही चित्र हलू न देणाऱ्या, अंगावर बांधायच्या उपकरणावर) बसवलेला कॅमेरा घराबाहेरून खिडकीशी येतो, सोफ्यावर जूडिथ आणि तिचा मित्र दिसतात. ते वर जातात, वरचा दिवा विझतो. कॅमेरा मागच्या बाजूने स्वयंपाकघरात शिरतो, एक हात सुरी उचलतो. मित्र जिन्यावरून उतरून निघून जातो आणि कॅमेरा त्याला जाऊ देतो. हे कोणी लिहीतच नाही! ज्या ‘पापा’साठी शिक्षा होते असं तुम्ही म्हणता, त्यातला अर्धा वाटेकरी सुखरूप घरी जातो. लिंगभावाचा एवढा धडधडीत पुरावा पडद्यावर असताना निबंधात त्याला जागा नसते.

मग कॅमेरा वर जातो, मुखवटा चढतो आणि फ्रेम डोळ्यांच्या दोन भोकांपुरती आक्रसते. आरशापुढे केस विंचरणारी अर्धनग्न जूडिथ आता या भोकांतून दिसते. शरीर सर्वांत उघडं असतं तेव्हाच बघणं सर्वांत अडचणीचं केलेलं आहे. ती वळते आणि “मायकेल!” असं ओरडते. म्हणजे तिने ओळखलं. आपण अजून ओळखलेलं नाही. वार होत असताना नजर मध्येच तिच्यावरून हटून स्वतःच्या उगारलेल्या हाताकडे जाते. त्यानंतर जिना, दार, अंगण, आईवडिलांची गाडी. वडील मुखवटा ओढतात आणि कट होतो: समोर सहा वर्षांचं, विदूषकाच्या कपड्यातलं पोर, जूडिथचा धाकटा भाऊ मायकेल, हातात सुरी. इतका वेळ ज्याच्या डोळ्यांनी आपण एका उघड्या तरुणीकडे बघितलं, त्याच्याकडेच आता बघायचं आहे, आणि कॅमेरा मागे, वर सरकत राहतो. बघणाराच बघितला जातो. ही उलटापालट सोडून दिली तर प्रसंगाचा अर्थच उलटा लागतो.

या प्रसंगातला सुरी धरणारा हात सहलेखिका आणि निर्माती डेब्रा हिल यांचा होता, हे कळलं की काही जण लगेच ‘म्हणून ही स्त्रीची नजर’ असं लिहितात. चित्रीकरणाच्या गोष्टी रंजक असतात, पण पडद्यावर प्रेक्षकाला तो हात कोणाचा आहे हे दिसत नाही. मुद्दा पडद्यावरचा हवा.

‘मुलगी मरते’ एवढंच लिहिणं

मुलगेही मरतात. ‘स्क्रीम’च्या सुरुवातीला आधी स्टीव्हच मरतो. फरक आहे तो वेळेचा, आणि वेळ मोजायला घड्याळ लागतं, सिद्धांत नाही. स्टीव्हच्या बाबतीत दिवे जातात, पुन्हा लागतात आणि तो मेलेला असतो. केसीचं मात्र सुमारे बारा मिनिटांच्या प्रसंगात हसणं, चिडणं, घाबरणं, रडणं, पळणं, पकडलं जाणं आणि आईवडील हाकेच्या अंतरावर असताना तोंडातून आवाज न फुटणं, असं सगळं जवळून दाखवलंय. पुरुषाचा मृत्यू ही घटना आणि स्त्रीचा मृत्यू हा देखावा, हे विधान करायचं तर शॉटची लांबी आणि क्लोजअपची संख्या मांडा. मी दोन रकाने पाडते, कोणाच्या भीतीला किती सेकंद मिळाले ते लिहिते. कंटाळवाणं काम आहे. पण ज्यांना ते नको असतं त्यांचेच निबंध एकमेकांसारखे निघतात.

‘जॉज’मध्येही हाच हिशेब करा. ती पोहणारी, क्रिसी, पाण्यात झटके खातेय, किंचाळतेय आणि मध्येच कट होतो तो किनाऱ्यावर दारूच्या नशेत आडव्या झालेल्या तरुणावर. तिथे शांतता. ती एकटी असणं या कटमधून तयार होतं.

आवाज नसल्यासारखं लिहिणं

माझ्याकडे येणाऱ्या निबंधांत ध्वनीवर सरासरी एक वाक्य असतं आणि त्यात ‘भयाण पार्श्वसंगीत’ असे शब्द असतात. यापेक्षा न लिहिलेलं बरं.

‘स्क्रीम’मध्ये खुन्याचं पौरुष पूर्णपणे आवाजातून येतं. आधी गोड, लाडीगोडी लावणारा, मग हुकूम सोडणारा. शरीर नसलेला आवाज घरात कुठेही असू शकतो आणि केसी मात्र काचेच्या दारांमागे सतत दिसत राहते. ‘कॅरी’मध्ये (१९७६) मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा वाफेतून स्लो मोशनमध्ये तरंगतो, पिनो दोनाज्जो यांचं हळुवार संगीत चालू असतं, उघड्या शरीरांकडे बघायला जणू निमंत्रणच. मग कॅरीला पाळी येते, रक्त दिसतं आणि ते संगीत, ती संथ लय दोन्ही तुटतात. राहतो तो शॉवरच्या पाण्याचा आणि नंतर मुलींच्या ओरड्याचा आवाज. सिनेमाने आधी जी नजर दिली तीच इथे काढून घेतली, आणि ते कानाला आधी कळतं. (हा प्रसंग सिनेमाचा पहिला नव्हे. त्याआधी व्हॉलीबॉलचा सामना आहे, त्यात कॅरीकडून चेंडू सुटतो आणि ती सगळ्यांची बोलणी खाते. तो वगळू नका. तिचं एकटं पडणं तिथून सुरू होतं.)

सोपा उपाय: एकदा पडदा झाकून फक्त ऐका, एकदा आवाज बंद करून फक्त बघा. दोन वेगळे प्रसंग हाती लागतात. घाईत असलेल्यांना हे पटत नाही. त्यांना दहा मिनिटांत सिनेमा समजावून सांगणारे व्हिडिओ पुरेसे वाटतात. त्या व्हिडिओंत निवेदक बोलत असतो, म्हणजे मूळ ध्वनी तर आधीच पुसलेला असतो.

थोडक्यात उरलेल्या

लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे निष्पाप: हा कोश फेकून द्या. ‘वह कौन थी?’च्या (१९६४) सुरुवातीला पावसात उभ्या असलेल्या स्त्रीची साडी पांढरीच आहे, पण प्रसंगाची ताकद वेगळीकडे आहे. वायपर बंद पडतात, गाडी चालवणाऱ्या पुरुषाला रस्ता दिसेनासा होतो आणि तिला तो स्वच्छ दिसतो. बघण्याचा अधिकार तिच्याकडे गेला, याची भीती आहे ती.

लो अँगल (खालून वर बघणारा कॅमेरा) आला की पात्र शक्तिमान, हाय अँगल (वरून खाली बघणारा) आला की दुबळं, असं यंत्रवत लिहू नका. आजूबाजूचे शॉट बघा.

पहिल्या प्रसंगातल्या मुलीला ‘फायनल गर्ल’ म्हणू नका. सिनेअभ्यासक कॅरल क्लोव्हर यांची ही संकल्पना शेवटपर्यंत तगणाऱ्या मुलीबद्दल आहे, आणि सुरुवातीला मरणारी बहुधा तिच्या उलट रचलेली असते.

कमी कपडे दिसले की ‘वस्तुकरण’ लिहून पुढे जाऊ नका. ‘इट फॉलोज’च्या (२०१४) सुरुवातीची मुलगी तोकड्या कपड्यांत, उंच टाचा घालून घराबाहेर धावते, पण कॅमेरा रस्त्याच्या मधोमध लांब उभा राहून नुसता गोल फिरतो, तिच्या अंगाला चिकटत नाही.

दिग्दर्शक स्त्री आहे म्हणून नजर स्त्रीची, हेही गृहीत धरू नका. अन्विता दत्त यांच्या ‘बुलबुल’वर (२०२०) लिहिताना नावापासून नव्हे, पायांपासून सुरुवात करा. झाडावर चढलेल्या बालवधूचे उघडे पाय आधी दिसतात, मग त्यांत जोडवी घातली जातात आणि ती कशासाठी असं ती विचारते. उत्तर मिळतं की तिथली नस दाबली नाही तर मुली उडून जातात. पुढे चेटकिणीची गोष्ट येते तीही उलट्या पायांची. मुलीला बांधणारे पाय आणि लोकांना घाबरवणारे पाय, कॅमेऱ्याने दोन्ही एकाच अंतरावरून बघितलेत की नाही, हे शॉट थांबवून तपासा आणि मगच पहिलं वाक्य लिहा.