अमेरिकी वसाहती आणि ब्रिटन: वाढत्या तणावाची तेरा वर्षे अभ्यासगटात कशी मांडावीत

ठाण्यातील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची कारणे बहुधा करांची यादी म्हणून पाठ करतात. साखर, मुद्रांक, चहा आणि मग युद्ध, असा तो क्रम असतो. या यादीतून वसाहती का चिडल्या हे मात्र कळत नाही, कारण १७६४ मध्ये मळीवरील शुल्क निम्म्यावर आले होते आणि १७७३ च्या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. म्हणून गटात हा विषय घेताना आधी एकच प्रश्न फळ्यावर लिहावा: बोजा हलका होत असतानाही विरोध का वाढला?

सुरुवात १७६३ पासून करावी आणि ती लंडनच्या बाजूने करावी. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातील सप्तवार्षिक युद्ध संपले तेव्हा फ्रान्सने कॅनडा गमावला होता, परंतु ब्रिटनचे सरकारी कर्ज जवळजवळ दुप्पट झाले होते आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च चालूच होता. ज्यांच्या रक्षणासाठी हा खर्च झाला त्यांनी थोडा वाटा उचलावा, ही अपेक्षा तिथल्या मंत्र्यांना रास्त वाटत होती. त्याच वर्षी राजाने अ‍ॅपलेशियन पर्वतरांगेच्या पश्चिमेला वस्ती करण्यास मनाई केली. मूळ रहिवाशांशी नवा संघर्ष टाळणे हा तिचा एक हेतू होता, परंतु त्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्या वसाहतकऱ्यांना ती जाचक वाटली.

मळीचे उदाहरण त्यानंतर घ्यावे. १७३३ च्या कायद्याने गॅलनमागे सहा पेन्स शुल्क होते, पण चोरट्या व्यापारामुळे ते फारसे वसूलच होत नसे. १७६४ मध्ये ते तीन पेन्स करण्यात आले आणि त्याबरोबर वसुली कडक झाली. खटले ज्यूरी नसलेल्या नौदल न्यायालयांत चालवता येऊ लागले. कागदावर दर घटला, प्रत्यक्षात जाच वाढला.

सर्वांत जास्त वेळ १७६५ च्या मुद्रांक कायद्याला द्यावा. भाडेकराराचा मुद्रांक प्रत्येकाने पाहिलेला असतो, तेव्हा एखादा जुना करार दाखवून विषय काढल्यास सोयीचे जाते. या कायद्याने न्यायालयीन कागदपत्रे, परवाने, वृत्तपत्रे, पंचांगे, इतकेच काय खेळण्याचे पत्तेही कराखाली आले. म्हणजे वकील, मुद्रक आणि खानावळवाले एकाच वेळी दुखावले गेले, आणि नेमके हेच लोक बोलण्यात, छापण्यात आणि माणसे जमवण्यात तरबेज होते. त्यांचा आक्षेप रकमेवर नव्हता. ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिने आपल्या खिशात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, ब्रिटिश मालावर बहिष्कार सुरू झाला आणि १८ मार्च १७६६ रोजी कायदा रद्द झाला. विद्यार्थी इथेच थांबतात. त्याच दिवशी संसदेने दुसरा कायदा करून वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा आपला हक्क जाहीर केला, हे त्यांच्याकडून आवर्जून वदवून घ्यावे, कारण पुढच्या दहा वर्षांचे भांडण त्या हक्काचे आहे.

१७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर लावलेली शुल्के थोडक्यात आटोपावीत. ५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये सैनिकांच्या गोळीबाराने पाच जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी चहा वगळता बाकीची शुल्के उठली, आणि चहावरचे शुल्क मुख्यतः हक्काची खूण म्हणून ठेवण्यात आले.

चहाच्या प्रकरणात ठाणेकरांना ओळखीचे नाव भेटते. आर्थिक डबघाईला आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला सावरण्यासाठी १७७३ मध्ये तिला थेट अमेरिकेत चहा विकण्याची सवलत मिळाली, आणि त्याच वर्षी तिच्या हिंदुस्थानातील कारभारावर नियंत्रण आणणारा कायदाही झाला. स्वस्त चहा घेणे म्हणजे त्यावरील शुल्क मान्य करणे, हे ओळखून १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या लोकांनी ३४२ पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. उत्तरादाखल १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद करण्यात आले व बोस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सच्या स्वशासनाला कात्री लावण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कंपनीच्या फौजेने मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला जिंकला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. नकाशावर दोन्ही ठिकाणे दाखवावीत, पण दोन्हीकडची माणसे एकाच मापाने मोजू नयेत. इथे परक्याने मुलूख जिंकला होता. तिथे इंग्लंडच्याच वंशाचे व परंपरेचे बहुसंख्य लोक इंग्रज प्रजेचे हक्क मागत होते, आणि त्यांच्यातील अनेकजण स्वतः गुलाम बाळगून होते. म्हणूनच १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाशी बोस्टनची जोडी लावणारी उत्तरे मला उथळ वाटतात.

शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाला एक तारीख द्यावी आणि त्या दिवशी बोस्टनच्या व्यापाऱ्याची मागणी काय असेल ते चार ओळींत लिहून घ्यावे. १७७४ पूर्वीच्या उत्तरात स्वातंत्र्याची मागणी आली तर ते परत लिहायला द्यावे, कारण एप्रिल १७७५ मध्ये बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैनिकांशी झालेल्या चकमकीत रक्त सांडल्यावरही जुलैमध्ये वसाहतींच्या काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला होता. ऑगस्टमध्ये राजाने त्यांना बंडखोर ठरवले. ही तारीख मिळालेल्या विद्यार्थ्याचे उत्तर सर्वांत शेवटी वाचायला घ्यावे.