पटाशीला धार लावताना या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याच्या आधी आमच्याकडे विदर्भात ज्याच्या घरात पटाशी असते, तो पोरांसाठी एखादा लाकडी बैल कोरायला बसतोच. मीही बसलो होतो. पटाशीचा उतार, म्हणजे धारेकडची तिरकी बाजू, तासभर घासून आरशासारखा चमकवला आणि दुसऱ्याच घावाला सागाच्या बैलाचा कान तुटून पडला. गावातले वाढई काकाजी शेजारीच तिफण दुरुस्त करत होते. त्यांनी पटाशी घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "काऊन बाप्पा, याची पाठ कोन घासन?"

सगळ्यात मोठी चूक हीच. धार म्हणजे उतार आणि पाठ जिथे भेटतात ती रेघ. पाठीवर कारखान्यातल्या घासणीचे चरे असतील, तर उतार कितीही चमकवा, धारेला करवतीसारखे बारीक दातरे राहतात. नवी पटाशी आणली की आधी तिच्यावरचं लाखेसारखं आवरण पुसून काढा. जाड काचेवर वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि २२०, ४००, ८००, १२०० नंबर अशा क्रमाने, म्हणजे खरखरीतकडून बारीककडे, पाठ घासा. अख्खी पाठ घासत बसू नका, धारेजवळचा इंचभर भाग सपाट झाला की पुरे. मूठ मात्र वर उचलू नका. केसभर जरी उचलली तरी धारेचं टोक गोल होतं, आणि मग ते नीट करायला पुन्हा २२० पासून सुरुवात. सगळीकडे एकसारखी झाक आली की पाठ झाली. हे काम पटाशीच्या आयुष्यात एकदाच करायचं असतं, म्हणून त्यात कंजुसी नको.

उताराचा कोन मोजायला अवजार लागत नाही. पात्याची जाडी मोजा. उताराची लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंशांचा असतो. ४ मिलिमीटर जाड पात्याला ८ मिलिमीटर उतार म्हणजे ३०, साडेनऊ मिलिमीटर म्हणजे २५. हलक्या हाताने तासायला २५ छान, पण बाभळीत ठोकून खाच पाडायची असेल तर ३० च्या खाली जाऊ नका, धारेचे टवके उडतात. घासताना हात झुलतो आणि उतार पोटासारखा फुगतो. उतारावर स्केच पेनने काळं करा आणि दोन हात फिरवून पाहा. शाई फक्त मधली किंवा मागची गेली, तर धार दगडाला लागतच नाहीये, तुम्ही उगाच घाम गाळताय.

आता दगड. धार लावायचा कार्बोरंडमचा दगड मधे खळगा पडेपर्यंत वापरायचा, हे घरोघरचं चित्र. खळग्यात सपाट पाठ घासली की तीही बिघडते. दगडावर पेन्सिलने उभ्या-आडव्या रेघा मारा आणि काचेवरच्या जाड वॉटर पेपरवर त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत दगड घासा.

दगडावर तेल कोणतं, हा विदर्भातला खास घोळ. घरात जवसाचं तेल असतं, तेच ओतलं जातं. मीही ओतलंय. हे तेल हवेत वाळून घट्ट होतं. लाकडावर लावायला म्हणूनच ते चांगलं, पण दगडाची भोकं त्याने बुजतात आणि दगड घासण्याऐवजी घसरायला लागतो. शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, नाहीतर सरळ पाणी. एकदा तेल प्यायलेला दगड पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही, तेव्हा आधीच काय ते ठरवा. मे महिन्यात दगडावरचं पाणी बघता बघता उडतं, म्हणून वाटी जवळच ठेवा.

ग्राइंडरचा मोह झाला तर सावध. धारेचं टोक पातळ, तेच आधी तापतं. ते निळं पडलं म्हणजे उष्णता सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेली आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. नंतर पाण्यात बुडवून ते परत येत नाही. निळा भाग हळूहळू घासून काढणं हाच इलाज.

उतार घासून झाला की पाठीकडे पोलादाची वळलेली बारीक कड, म्हणजे तार, येते, नख फिरवलं की अडकते. ती आली नसेल तर घासणं पुरं झालेलं नाही. ती तोडून काढू नका. पाठ दगडावर सपाट टेकवून, मग उतार, पुन्हा पाठ, असे हलके हात फिरवा. शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर मागे ओढा, पुढे ढकलाल तर पट्टा कापाल.

हातावरचे केस कापून धार तपासायची फुशारकी नको. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाच्या कापलेल्या तोंडावर पातळ काप काढा. बोथट पटाशी तिथे रेषा चुरडते आणि पांढरट भुगा पडतो, धारदार असेल तर काप अखंड निघतो आणि खाली गुळगुळीत तोंड दिसतं. माझा दुसरा बैल अशा पटाशीने कोरला, एक कान जरा आखूड झालाय, पण बैल पोरांनी ओढून ओढून झिजवलाय.