‘आमाल’ बघताना नजर आईवर ठेवा

वरळीच्या दूरदर्शन केंद्रात मी ३१ वर्षं कॅमेऱ्यामागे उभा राहिलो. आता थंडीचे तीन महिने लेकीकडे न्यू जर्सीला असतो. दर २४ डिसेंबरला रात्रीची जेवणं उरकली की नातवाला शेजारी घेऊन मी एक संगीतिका, म्हणजे ऑपेरा, बघतो, संगीतकार जियान कार्लो मेनोत्तीची ‘आमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’. अमेरिकेत खास टेलिव्हिजनसाठी रचलेली ही पहिली संगीतिका. २४ डिसेंबर १९५१च्या रात्री न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या एनबीसी या टीव्ही कंपनीच्या ८-एच स्टुडिओतून ती थेट प्रक्षेपित झाली आणि अंदाजे ५० लाख लोकांनी ती पाहिली. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हा विनोदी कार्यक्रम जिथून होतो तोच हा स्टुडिओ.

ऑपेरा म्हटलं की आपली माणसं बिचकतात. भाषा कळत नाही, गाणं ओळखीचं नाही, कुठे लक्ष द्यावं ते समजत नाही. म्हणून मी ज्या पद्धतीने बघतो ती सांगतो.

पहिलं, प्रत १९५१चीच घ्या. पुढे १९५३मध्ये ती रंगीत झाली, १९६३मध्ये टेपवर आली, १९७८मध्ये तिची फिल्म निघाली. ते सगळं नंतर. १९५१ची प्रत काळी-पांढरी आहे, कडा धुरकट आहेत, मधूनच आवाज दबतो. तेव्हा व्हिडिओ टेप नव्हती. कार्यक्रम चालू असताना मॉनिटरच्या काचेसमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्र टिपलं जायचं, त्याला किनेस्कोप म्हणतात. म्हणजे आपण पडद्याचा फोटो बघत असतो. एवढं डोक्यात असलं की धुरकटपणाचा त्रास होत नाही.

आता टीव्हीकडे वळा. चित्र ताणून पडदा भरू नका, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणलं की चेहरे रुंद होतात, आणि इथे सगळा जीव चेहऱ्यांत आहे. हलतं चित्र गुळगुळीत करणारी सोय नव्या टीव्हीत आपोआप चालू असते, सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा. आवाज शक्य असेल तर वेगळ्या स्पीकरवर घ्या, कारण आमालच्या पाव्याचे सूर ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्यावर वाजतात आणि टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमधून तो फार पातळ ऐकू येतो. दिवे मालवा, पण अगदी गुडूप नको, कोपऱ्यात एक छोटा दिवा असू द्या. आणि मध्ये थांबवू नका. सगळी मिळून पाऊण तासाच्या जरा पुढेमागे संपते.

मग गोष्ट. गाणं इंग्रजीत आहे, शब्द मेनोत्तीचेच आहेत, पण गायलेलं इंग्रजी कानाला लगेच लागत नाही. म्हणून मुलांना आधी गोष्ट सांगून ठेवायची. आमाल नावाचा धनगराचा पोर, पायाने अधू, कुबडीवर चालतो. थापा मारायची सवय. घरात तो आणि त्याची विधवा आई, मेंढ्यासुद्धा विकून झालेल्या, दुसऱ्या दिवसापासून भीक मागायची वेळ. त्या रात्री दारावर थाप पडते आणि तीन राजे आसरा मागतात. नव्या ताऱ्याच्या मागे ते एका बाळाला शोधत चालले आहेत, बरोबर सोनं, ऊद आणि गंधरस. ज्यांच्या घरी मराठी बायबल आहे त्यांना हे तीन शब्द ओळखीचे असतील. गोव्यात ६ जानेवारीला तीन मुलं राजांच्या वेषात घोड्यावरून निघतात, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तर अर्धी गोष्ट सांगावीच लागणार नाही.

एवढं सांगून थांबा. राजे झोपल्यावर काय होतं ते मुलांना सांगू नका.

न्यूयॉर्कच्या आसपास राहत असाल तर आधी एक दिवस मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जा. हिएरोनिमस बॉशने रंगवलेलं, तीन राजे बाळ येशूला वंदन करतात ते चित्र तिथे आहे. एनबीसीने संगीतिका मागितली होती, मेनोत्तीला विषय सापडत नव्हता, आणि या चित्रासमोर त्याला लहानपण आठवलं. तो इटलीचा. तिथे त्याच्या लहानपणी मुलांना भेटी आणायला सांताक्लॉज येत नसे, तीन राजे येत. कास्पार राजा ठार बहिरा आहे असं त्याच्या भावाचं ठाम मत होतं. मेनोत्तीला वाटे की मागितलेल्या सगळ्या वस्तू कास्पार कधी आणत नसे, म्हणून भाऊ तसं म्हणत असावा. संगीतिकेतला कास्पार म्हणूनच बहिरा आहे. नातवाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने गंभीरपणे विचारलं, “आबा, मग मोठ्याने सांगायचं ना?”

कुबडीचंही मुलांशी आधीच बोला. मेनोत्ती स्वतः लहानपणी एका पायाने लंगडत असे आणि दाईने एका देवस्थानाला नेल्यावर तो बरा झाला. गोष्टीतला चमत्कार त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून आला आहे हे कळलं की मुलं तो वेगळ्या नजरेने बघतात. आणि मुलांच्या वर्गात कुणी कुबडी वापरत असेल, तर बरं झालं तरच आयुष्य सुरू होतं असा अर्थ त्यांनी घेऊ नये, म्हणून तेही बोलून घ्या. माझ्या नातवाच्या वर्गात एक मुलगी आहे. आम्ही बोललो होतो.

आता प्रत्यक्ष बघताना.

सुरुवातीला मेनोत्ती स्वतः पडद्यावर येतो, ते पुढे ढकलू नका. तो वाद्यवृंदाचं संचालन करणाऱ्या थॉमस शिपर्सला बोलावून आभार मानतो. शिपर्स तेव्हा २१ वर्षांचा होता. शेवटची पानं गायकांच्या हातात प्रक्षेपणाच्या जेमतेम काही दिवस आधी पडली होती, वाद्यवृंदाची मांडणी पुरी करायला संगीतकार सॅम्युअल बार्बर मदतीला आला होता. हे माहीत असलं की त्या पहिल्या मिनिटातलं सगळ्यांचं हसू नीट दिसतं.

दारावरच्या थापा मुलांना मोजायला सांगा. आमाल दार उघडतो, आईला सांगतो, बाहेर राजा आहे. आई मानत नाही. पुन्हा जातो, दोन राजे आहेत. मग तीन, आणि त्यातला एक काळा. दर खेपेला आईची सहनशक्ती थोडी कमी होते. आमालचं काम करणारा चेट अ‍ॅलन तेव्हा १२ वर्षांचा होता. दारापासून आईपर्यंत कुबडी टेकत येताना त्याचा श्वास गाण्याच्या आड येत नाही, हे बघा. थेट प्रक्षेपणात लहान मुलाला कॅमेऱ्यासमोर धरून ठेवणं काय असतं ते मला माहीत आहे. एकदा एका बालकार्यक्रमात गाणारा मुलगा ओळ विसरला आणि चार सेकंद नुसता लेन्समध्ये बघत राहिला. मी फ्रेम हलवली नाही. ओळ त्याला आठवली. चार सेकंद किती मोठे असतात ते त्या दिवशी कळलं, आणि इथे हा पोर जवळजवळ पाऊण तास उभा आहे.

कास्पारची पेटी येते, तिच्या तीन खणांतल्या वस्तू तो दाखवतो. मुलं इथे खिदळतात, खिदळू द्या. धनगर खाऊ घेऊन येतात, नाचतात. तो भाग मला लांबतो, पाणी प्यायचं असेल तर तेव्हा उठा.

पण राजे झोपल्यावर कुणी जागचं हलायचं नाही.

आमाल झोपला आहे. राजांचा नोकर खजिन्याला बिलगून झोपला आहे. जागी आहे फक्त आई. आईचं काम करणारी रोझमेरी कूलमन ते सोनं बघत गाते. तिचा हिशोब साधा आहे: एवढं सोनं एका अनोळखी बाळासाठी, आणि माझं बाळ उपाशी. गाताना ‘माझ्या बाळासाठी’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि दर वेळी ती थोडी पुढे सरकलेली असते. त्या काळच्या स्टुडिओ कॅमेऱ्यावर लेन्सची फिरती चकती असायची. लेन्स बदलायची तर त्या क्षणी तो कॅमेरा प्रक्षेपणावर असून चालत नसे, आणि जवळ जायचं तर अख्खा कॅमेरा ढकलत न्यावा लागे. मोठ्या रंगमंचावर मागच्या रांगेतल्या माणसाला हा प्रसंग हातवाऱ्यांवरूनच कळणार. इथे डोळे आधी सोन्याकडे जातात, मग झोपलेल्या मुलाकडे, मग परत सोन्याकडे, आणि हात त्यानंतर निघतो. तो क्रम बघा. गाणं बंद असतं तरी मला कळलं असतं की ही बाई आता चोरी करणार.

नोकर जागा होतो, तिचा हात पकडतो. आमाल उठून त्याच्यावर तुटून पडतो. या वेळी मुलांच्या तोंडाकडे एकदा बघून घ्या. माझा नातू पहिल्या वर्षी उठून उभा राहिला होता. मेलकियोर राजा सांगतो, सोनं ठेव, आम्ही ज्याला शोधतोय त्याला त्याची गरज नाही. आई ते परत करते. आपल्याकडेही द्यायला काही असतं तर, असं ती म्हणते, आणि आमालला आपली कुबडी आठवते.

पुढचं मी सांगत नाही. एवढंच लक्षात ठेवा की शेवट आला म्हणून टीव्ही बंद करायचा नाही. मिरवणूक दाराबाहेर जाते, आमाल सर्वांत मागे, पाठीला कुबडी बांधलेली, ओठांना पावा. सुरुवातीला ऐकलेलीच धून आहे. ती लांब जाईपर्यंत दिवा लावू नका.

पुढच्या वर्षी जवळच्या चर्चमध्ये किंवा शाळेत प्रयोग लागला तर मुलांना घेऊन जा, डिसेंबरात इकडे तो बऱ्याच ठिकाणी होतो. फक्त तिकीट काढण्याआधी आमालचं काम कोण करतंय ते विचारून घ्या. मुलगाच असावा, मुलाच्या वेषातली बाई नको, असं मेनोत्तीने स्वरलिपीतच लिहून ठेवलं आहे. आणि जागा पुढच्या तीन रांगांतच घ्या, जिथून आईचे डोळे दिसतील.