गुरुजी एक सांगतात, बाकीचे दुसरंच: गाण्याच्या वाटेवर कुणाचं कधी ऐकावं

ख्यालाची, म्हणजे शास्त्रीय गायनाची, तालीम घेणाऱ्या मुलामुलींना विशी-पंचविशीत सगळीकडून सल्ले मिळतात. घराण्याबाहेरचं ऐकू नको. टीव्हीवरच्या स्पर्धेत जा. विशारदची परीक्षा दे. परीक्षांनी गाणं येत नसतं. यातलं बरंचसं खरं असतं, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. म्हणून आधी प्रत्येक सल्ला वहीत उतरवा आणि शेजारी लिहा: हा गळ्याबद्दल आहे, रागाबद्दल की पोटापाण्याबद्दल? तिन्हींचे जाणकार वेगळे.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीवरून होतो, म्हणजे पेटीची कोणती पट्टी ‘सा’ धरून गायचं यावरून. काळी पाचला (पाचव्या काळ्या पट्टीला) गाणाऱ्या मुलीला कुणी सांगतं, काळी चारला ये, आवाज भरीव लागेल. गुरू म्हणतात, उतरलीस तर तार (वरच्या) सप्तकाची धार जाईल. इथे वाद नको, पारख करा. यमन राग घ्या. पंधरा दिवस काळी पाच, पुढचे पंधरा दिवस काळी चार. बंदिश, लय आणि रियाजाची वेळ तीच. दर तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. फोन दर वेळी तेवढ्याच अंतरावर हवा. जवळ आला की आवाज उगाच मोठा वाटतो आणि निकाल चुकतो. ऐकताना तीन गोष्टी तपासा. मंद्र पंचमावर (खालच्या सप्तकातल्या ‘प’वर) सूर लागतो की नुसती हवा येते? तार गंधाराला (वरच्या ‘ग’ला) जाताना जबडा आवळतो का? दुसऱ्या दिवशी सकाळी षड्ज (सा) स्थिर व्हायला किती वेळ लागतो? पट्टी उतरवली की पहिले चार-पाच दिवस सगळंच सोपं वाटतं. त्या दिवसांवरून काहीही ठरवू नका. मंद्रातली अडचण नंतर कळते.

आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल, तर ‘रियाजानं सुटेल’ हा सल्ला कुणाचाही असो, मानू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

गुरूंसमोर दुसऱ्याचं मत नेऊ नका, अडचण न्या. ‘अमुक म्हणतात पट्टी उतरव’ म्हटलं की बोलणं तिथेच मिटतं. ‘गुरुजी, तार गंधाराला गळा आवळतो, काय करू?’ असं विचारलंत तर ते ऐकून, दुरुस्त करून देतात.

रागाबद्दलचे मतभेद पुष्कळदा मतभेद नसतातच. बिहाग घ्या. जुन्या चलनात (रागाच्या स्वरांच्या चालीत) तीव्र मध्यम (चढा ‘म’) नाही किंवा अगदी निसटता. आज तो ठसठशीत लागतो. परीक्षेसाठी पाठ्यक्रमातलं चलन लिहा, मैफलीत गुरूंचं गा. वहीत दोन्ही वेगळ्या पानांवर ठेवा. एकाच आलापात दोन्ही मिसळली की राग डळमळतो आणि नेमकं काय चुकलं ते गाणाऱ्यालाच सापडत नाही.

पोटापाण्याचा सल्ला देणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: तुम्ही कधी सुरुवात केलीत, तेव्हा घर कोण चालवत होतं, आणि आज तुमची मिळकत गाण्यातून येते की शिकवण्यांतून? उत्तरं मिळाली की सल्ल्याचं वजन आपोआप कळतं. नोकरीनं गाणं मरतं, असा नियम नाही. गायक वसंतराव देशपांडे अनेक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत गात होते.

नोकरी सोडण्याआधी वर्षभराचा हिशेब मांडा. बिदागी (मैफलीचं मानधन), शिकवण्या आणि साथसंगत यांचे वेगळे रकाने करा. बिदागी पूर्ण आपली धरणं ही नेहमीची चूक. तबला-पेटीच्या साथीदारांचं मानधन आणि प्रवास वजा करून उरेल तीच मिळकत. त्यात घरभाडं निघत नसेल, तर नोकरी अजून लागणार आहे.

वाहिनीच्या स्पर्धेत जायचं ठरलं, तर सही करण्याआधी करारातली दोन कलमं वकिलाला दाखवा: ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाकडे, आणि स्पर्धा संपल्यावर किती महिने बाहेर कार्यक्रम करायला मनाई आहे.