इंग्लंडमधला काउन्सिल टॅक्स ठरतो कसा, आणि आपण काय करायचं

एप्रिलचं काउन्सिल टॅक्सचं (घरांवरच्या स्थानिक कराचं) बिल बघून घाबरू नका, आधी हिशोब समजून घ्या. काउन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, वर्षाचा खर्च काढते, त्यातनं सरकारी ग्रांट, बिझनेस रेट्स (दुकानं-ऑफिसांवरचा कर) वगैरे वजा करते आणि उरलेली रक्कम बँड डीच्या हिशोबात मोजलेल्या घरांच्या संख्येनं भागते (घरांचे किमतीप्रमाणे ए ते एच असे गट असतात, तेच बँड), तो झाला बँड डीचा रेट, त्यात पोलिसांचा वाटा वेगळा, आणि हे 11 मार्चच्या आत ठरवावं लागतं. तुमचा बँड मात्र घराच्या 1 एप्रिल 1991 च्या किमतीवरनं, आजच्या नाही!! एच बँडला डीच्या दुप्पट. घरात एकटेच मोठे असाल तर 25 टक्के सूट, ती मागून घ्या, प्लीज सोडू नका. सगळेच फुलटाइम स्टुडंट असतील तर टॅक्स माफ, पण कळवावं लागतं. आणि हिवाळ्यात बजेटवर लोकांची मतं मागवतात तेव्हा खरंच लिहा, लायब्ररीचे पैसे कापायचे का ते याच बजेटमध्ये ठरतं.