‘बाबांना यातलं काही सांगू नका’: गंभीर आजार लपवायचा की सांगायचा, आणि सांगायचा तर कसा

बायोप्सीचा रिपोर्ट मुलाच्या हातात पडतो आणि केबिनबाहेरच ठरतं, ‘बाबांना काही कळू द्यायचं नाही, हाय खातील.’ मग कॅन्सरची गाठ साधी होते आणि केमो म्हणजे ‘ताकदीची सलाईन’ ठरते.

खोटं कधीच चालत नाही, असं नाही. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. दरोडेखोरांनी विचारलं, तेव्हा लपलेली माणसं कुठे आहेत हे त्यानं खरंखरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि सत्यवचनी कौशिक नरकात गेला. पण तिथे विचारणारा दुसऱ्याच्या जिवावर उठला होता. इथे विचारणारा स्वतःच्याच शरीराबद्दल विचारतोय. त्याला काय कळावं हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा.

शिवाय हे खोटं टिकत नाही. हॉस्पिटलची पाटी, शेजारच्या कॉटवरून आलेलं ‘तुमची कितवी केमो?’, काही औषधांनी पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत गळू लागणारे केस, भेटायला आलेल्या आत्याचे डोळे, यांतलं काहीतरी फोडतंच. बहुतेक पेशंट ओळखून असतात, पण पोरांना वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प बसतात.

खरा धोका वेगळाच. समजा, कॅन्सर मणक्यात पसरतोय. पाठीत नव्यानं दुखू लागलं, पायांतलं बळ कमी झालं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं. उशीर झाला, तर पाय कायमचे जाऊ शकतात. ज्याला आपल्याला कॅन्सर आहे हेच ठाऊक नाही, तो ‘मणक्यात गॅप असेल’ म्हणत आठवडाभर तेल चोळत बसतो.

कायद्याचं थोडक्यात. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या पेशंटची संमती त्याचीच लागते. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान पेशंटच्या आईनं दिलेली संमतीही पुरेशी मानली नाही. शेवटच्या काळात व्हेंटिलेटर नको असेल, तर 2018 च्या निकालानं तसं आधी लिहून ठेवता येतं. 2023 पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. पण आजारच माहीत नसेल, तर माणूस हे लिहिणार कधी?

आधी विचारा, मग सांगा

हे काम रिपोर्ट यायच्या आधी करायचं. दोन प्रश्न पुरतात. ‘बाबा, या तपासण्या कशासाठी चालल्यात, असं तुम्हाला वाटतं?’ आणि ‘रिपोर्ट आला की डॉक्टरांनी सगळं तुम्हाला सांगावं, की माझ्याशी बोलावं?’ पहिल्याच उत्तरात पुष्कळदा कळतं, की त्यांना निम्मं ठाऊक आहे. ‘तूच बघ, मला नको सांगू’ असं म्हणाले, तर न सांगणं ही फसवणूक नाही. डॉक्टरांना ते फाइलमध्ये लिहायला सांगा. मात्र उपचार बदलताना पुन्हा विचारा, कारण हे उत्तर बदलतं.

घरातलं कोणी अडून बसलं, तर वाद घालू नका. ‘सांगितलं तर काय होईल असं वाटतं?’ एवढंच विचारा. भीती बाहेर आली, की विरोध बराचसा निवळतो.

सांगताना

वाईट बातमी सांगण्यासाठी 2000 साली डॉ. बेली, डॉ. बकमन आणि सहकाऱ्यांनी मांडलेली सहा टप्प्यांची पद्धत डॉक्टर वापरतात. घरच्यांना त्यातलं एवढं कळलं तरी खूप झालं.

सांगावं डॉक्टरांनी, सोबत पेशंटला हवं असलेलं एकच माणूस. वेळ सकाळची. रात्री सांगितलं, तर विचारायला कोणी नसतं आणि झोप उडते. मोबाइल बंद, सगळे बसलेले, उभ्या उभ्या काही नाही. आधी इशारा द्यायचा: ‘रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा नाही.’ थांबायचं. मग ‘गाठ कॅन्सरची आहे.’ शब्द स्पष्ट हवा. ‘जरा इन्फेक्शनसारखं’ हा नरो वा कुंजरो वा इथे नको. त्यानंतर गप्प बसा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शांतता सोसत नाही म्हणून माणसं लगेच ‘काही होत नाही, आता सगळ्यावर औषध आहे’ सुरू करतात आणि पेशंटच्या ओठांवर आलेला प्रश्न गिळला जातो. ते रडले तर रडू द्या. उपचारांचं वेळापत्रक त्यांनी विचारल्यावर, नाहीतर दुसऱ्या दिवशी.

‘मी बरा होईन ना?’ याला खोटा होकार नको आणि आकडाही नको. ‘हे आत्ताच का विचारावंसं वाटलं?’ असं आधी विचारा. मागे बऱ्याचदा मुलीचं लग्न असतं, नाहीतर सातबाऱ्यावरची अडकलेली नोंद. मग जे खरं असेल तेच: ‘पूर्ण बरं होणं अवघड आहे, पण दुखणं आटोक्यात ठेवता येईल.’

खोटं कुठे चालतं

स्मृतिभ्रंश खूप वाढलेला असताना आजोबा रोज ‘ही कुठे गेली?’ विचारतात. आजी जाऊन चार वर्षं झालीत. दर वेळी खरं सांगणं म्हणजे रोज नव्यानं सुतक. आधी ‘आठवण येतेय का? या वेळी काय करायची ती?’ असं वळवून बघा. नाहीच जमलं, तर ‘देवळात गेलीय’ म्हणायला हरकत नाही.

तापात बडबडणाऱ्या माणसाला शुद्धीवर येईपर्यंत काही सांगू नये. निदान पक्कं नसताना ‘अजून कळलं नाही’ हेच खरं उत्तर.

घरातल्या लहान मुलांशी मात्र खोटं नको. पाच-सहा वर्षांचं पोर ‘मी त्रास दिला म्हणून बाबा आजारी पडले’ असं मनात धरून बसतं. आजाराचं नाव सांगा, तुझ्यामुळे झालं नाही हे सांगा, आणि हा आजार शिवल्यानं होत नाही हेही.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगायचं हे पेशंटनं ठरवावं. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढं म्हणून दार लावून घेतलं, तरी त्यात पाप नाही. घरातल्या सगळ्यांनी तेच एक वाक्य म्हणायचं, आणि फाइल हॉलमधल्या टीपॉयवर ठेवायची नाही.