आरसिंक चालवण्याआधी स्लॅश बघा

सातपूरच्या वर्कशॉपमधलं ड्रॉइंगचं फोल्डर सिडकोतल्या घरच्या मशीनवर उतरवायचंय? आरसिंक, म्हणजे एका मशीनवरचं फोल्डर दुसऱ्यावर उतरवणारी कमांड, दोन्हीकडे हवं. एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी, चालू हवी, जागा हवी. झालं.

आता स्लॅश. ज्या फोल्डरमधून माल निघतो, त्याच्या नावाच्या शेवटचा. नुसतं ‘ड्रॉइंग’ लिहिलंत तर अख्खं फोल्डर जातं. ‘ड्रॉइंग/’ लिहिलंत तर फक्त आतला माल. स्लॅश विसरून पलीकडे ‘बॅकअप/ड्रॉइंग’ दिलंत, तर आत आणखी एक ‘ड्रॉइंग’ तयार होतं, डिस्क दुप्पट भरते आणि बाहेरच्या जुन्या फायली जुन्याच राहतात. हे निस्तरता येतं. पण स्लॅश लावून पलीकडे नुसतं ‘बॅकअप’ दिलंत आणि सोबत ‘--डिलीट’ असेल, तर बॅकअपमधली बिलं, कोटेशनं सगळं साफ. डिलीटचा हिशेब सरळ आहे: इकडे नाही ते तिकडे नको. ट्रॅशमध्येही काही सापडत नाही. आणि मी स्लॅश टाइपच केला नाही, असं म्हणू नका. टॅब दाबून नाव पूर्ण केलं की बॅश, म्हणजे कमांड टाइप करतो तो शेल, तो स्वतःच लावतं. एंटर मारण्याआधी ओळ वाचा. स्लॅश बघा.

मग तीच कमांड ‘-एव्हीएन’ लावून. यात ‘ए’ म्हणजे फोल्डर आतल्या सगळ्यासकट जसंच्या तसं, ‘व्ही’ म्हणजे काय होतंय ते दाखव, आणि ‘एन’ म्हणजे रंगीत तालीम, फाईल एकही हलत नाही. ‘डिलीटिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी सावकाश वाचा. अनोळखी नाव दिसलं की थांबा, पुन्हा स्लॅश बघा.

माल बाहेरच्या डिस्कवरून येत असेल तर ती माउंट, म्हणजे मशीनला जोडून फोल्डरसारखी उघडलेली, आहे का ते फोल्डरमधली यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ने तपासा. माउंट नसेल तर फोल्डर रिकामं दिसतं, आणि डिलीट पलीकडचंही रिकामं करतं. ‘--मॅक्स-डिलीट=५०’ घालून ठेवा, नुकसान पन्नास फायलींवर थांबेल.

मोठ्या फायलींना ‘-पी’, कॅपिटल. मध्येच लाइट गेली तरी अर्धी उतरलेली फाईल राहते. पेनड्राइव्ह फॅट या फाइल सिस्टिमचा असेल तर ‘--मॉडिफाय-विंडो=१’, कारण फॅटवर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात नोंदते आणि न बदललेल्या फायलीही पुन्हा जातात. ‘-झेड’, म्हणजे माल दाबून लहान करून पाठवणं, फक्त संथ लाइनवर. जेपीजी, झिप आधीच दाबलेल्या असतात, त्यांना उपयोग नाही. दोन्हीकडे फायली बदलत असतील तर आरसिंक नको, दोन्ही बाजूंचे बदल जुळवणारं युनिसन घ्या. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीत, टाकताना पूर्ण पाथ, पासवर्डऐवजी एसएसएचची की-फाईल, आणि त्या ओळीतलाही स्लॅश बघा.